प्रभातनाद गादीची पडझड आणि गोदूताई निवेदिका यांच्या मौनाची हकीकत

श्रीशारदेस नमन, तिच्या वीणेस नमन, आणि वीणेचा नाद डोंगरापर्यंत पोचविणाऱ्या लोखंडी मनोऱ्यासही नमन. शके १९२९, सर्वजित् नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध पंचमीस, नदीकाठच्या एका लहानशा राज्यात रेडियोची पहिली गादी स्थापन जाहली, तिचे वर्तमान येणेप्रमाणे. राज्याचे नाव बखरकारास ठाऊक, परंतु लिहिण्याची मर्जी नाही. कारण तेथील लोक बहुत मानी, नाव घेतले तर भांडावयास येतील आणि न घेतले तर हे आमचेच म्हणून मिरवतील. गादीचे मूळपुरुष तात्यासाहेब हुलवळे. यांचे पूर्वी चित्रपटगृह होते, ते ओस पडले, तेव्हा "लोक आता घराबाहेर पडत नाहीत, तर आपणच त्यांच्या घरात शिरावे" ऐसा विचार करून तात्यासाहेबांनी चित्रपटगृहाच्या छपरावर मनोरा उभारिला आणि गादीस प्रभातनाद ऐसे नाव ठेविले, आणि कन्याशाळेत मराठी शिकविणाऱ्या गोदावरी मिरगुंडे, ज्यांस अवघे राज्य गोदूताई म्हणे, त्यांस निवेदिकेचे पद दिधले, आणि यंत्रांच्या चाव्या शब्बीरभाई मणेर या जाणत्या कारागिराचे हाती सोपविल्या. मग पाण्याची पाळी कोणत्या गल्लीस, कोणाची म्हैस दावे तोडून गेली, कोणत्या वाडीची यात्रा केव्हा, हे सर्व गोदूताईंच्या मुखे रयतेस कळू लागले आणि प्रभातनाद लागल्यावाचून कोणाच्या घरी चहास उकळी येईना.

या गादीची एक रीत होती, ती सांगितल्यावाचून पुढील मजकूर कळणार नाही. रोज सकाळी सात वाजून पंधरा मिनिटांनी निधनवार्ता सांगावयाची. पहिल्याच वर्षी गोदूताईंच्या स्वतःच्या गुरुजींचे नाव वाचावयाची पाळी आली, तेव्हा त्यांनी वेळ सांगितली, आणि पुढे कंठ दाटून त्या चार श्वास गप्प राहिल्या, आणि मग नाव उच्चारिले. रयतेस वाटले यंत्र बिघडले. परंतु नाव ऐकताच सर्वांस समजले, आणि ते मौन लोकांस इतके मानवले की तीच रीत पडली. वेळ सांगून होताच गाणे लागले तर त्या दिवशी कोणी गेले नाही, आणि शांतता पडली तर कोणी गेले, ऐसा अर्थ पोरासोरांसही पाठ जाहला. शांतता पडली की हातातला घास हातात राही, चुलीपुढचे माणूस उठून उभे राही, आणि ज्यांचे कोणी अंथरुणाला खिळलेले असे ते भिंत धरून खाली बसत. गोदूताई त्या समयी कानांवरची यंत्रे काढून ठेवीत, देवळात जाताना वहाणा काढाव्या तशा. या मौनाचा त्यांस अभिमान होता. होता म्हणजे बराच होता, आणि पुढे जे घडले त्यात त्या अभिमानाचाही हिस्सा आहे, हे बखरकार लपवू इच्छित नाही.

मग शके १९३३, खर नाम संवत्सरी, राजधानीकडील धनाढ्यांनी या राज्यात दुसरी गादी आणिली, तिचे नाव भन्नाट लहर. तीत निवेदक श्वास न घेता बोलत आणि प्रत्येक वाक्यास स्वतःच हसत, आणि तरुण मंडळी एका महिन्यात तिकडे गेली. ते पाहून एका सराफाने मंगलध्वनी नामे तिसरी गादी घातली, तीत पहाटेपासून आरत्या, आणि दोन आरत्यांमध्ये पाटल्या व बांगड्या, आणि म्हातारी मंडळी तिकडे गेली. प्रभातनादाकडे उरले कोण, तर ज्यांची म्हैस हरवली ते. तात्यासाहेब म्हणत, "नव्याचे नऊ दिवस, येतील परत." परंतु नऊ दिवसांची पाच वर्षे जाहली आणि दुर्मुख संवत्सरी तात्यासाहेब निवर्तले, आणि त्यांचे चिरंजीव परदेशी असत, त्यांनी गादी भन्नाट लहरीस विकून टाकिली, आणि सराफही कंटाळला होता, त्यानेही विकिली. ऐसे करून तिन्ही गाद्या एका धन्याच्या जाहल्या, आणि रयतेस वाटे आपणांस तीन ठिकाणी निवड आहे, परंतु तिन्ही ठिकाणची गाणी राजधानीतील एकाच खोलीतून येत. गोदूताईंस तेवढा सकाळचा पाऊण तास राखून दिला होता. धन्याचा हेतू हा की जुनी माणसे एकदम दुखवू नयेत, हळूहळू दुखवावी.

धन्याने एक यंत्र पाठविले. रेडियोच्या धर्मात मौन हे महापातक, सबब या यंत्रास ऐसे शिकविले होते की दोन श्वासांहून अधिक शांतता दिसली की आपणच एखादी जाहिरात सुरू करावी, आणि माणसाचा आवाज उमटताच अदबीने मागे सरावे. शब्बीरभाई रोज सात वाजून दहा मिनिटांनी त्या यंत्राची चावी बंद करीत आणि सात-वीसला पुन्हा लावीत, आणि दोन वर्षे हे कोणास कळले नाही. मग शके १९४०, विलंबी संवत्सर, दिवाळी आटोपताच धन्याचे फर्मान आले की यंत्रे आता राजधानीतून चालतील, शब्बीरभाईंनी घरी जावे. जाताना ते गोदूताईंस म्हणाले, "ताई, उद्यापास्नं चावी माज्या हातात न्हाई. ते मशीन काय तुमचं ऐकायचं न्हाई. येळ सांगितली की लगोलग नाव घ्या."

गोदूताई म्हणाल्या, "बारा वर्षांची रीत आहे शब्बीरभाई. यंत्रानं मला शिकवायचं का आता, कुठं गप्प राहायचं ते?"

"शिकवायचं न्हाई. पर गप बी राहू द्यायचं न्हाई," ऐसे शब्बीरभाई बोलते जाहले आणि डबा उचलून गेले.

दुसरेच दिवशी पहाटे आबासाहेब कोंढाळकर वारले. हे पंचवीस वर्षे नगराध्यक्ष होते, यांनी बाजारातल्या टपऱ्या तीन वेळा उठविल्या आणि तिन्ही वेळा स्वतःच्या मेहुण्याचे दुकान राखिले, त्यामुळे लोक यांस समोर नमस्कार करीत आणि मागे बोटे मोडीत. गोदूताईंनी कागद पुढे घेतला, वेळ सांगितली, कानांवरची यंत्रे काढून ठेविली आणि डोळे मिटून चार श्वास स्तब्ध राहिल्या, आणि मग धीम्या सुरात म्हणाल्या, "माजी नगराध्यक्ष आबासाहेब कोंढाळकर यांचे आज पहाटे निधन झाले. अंत्ययात्रा सकाळी दहा वाजता." त्यांस वाटले, रीत सांभाळली. परंतु रयतेने ऐकिले ते ऐसे: सात वाजून पंधरा मिनिटे जाहली, मग दोन श्वास शांतता, मग सनईसकट जाहिरातीतली एक बाई किंचाळली, "आनंदाची बातमी! आनंदाची बातमी!", आणि तिच्या पाठोपाठ आबासाहेब गेल्याचे वर्तमान. मग काय विचारता! चहाच्या गाड्यांवर माणसे पोट धरून हसली, टपरीवाल्यांनी एकमेकांस पेढे दिले, आणि जो तो म्हणे गोदूताई आहे खरी बहाद्दर, जे सर्वांच्या मनात होते ते तिने आकाशात सांगितले. गोदूताई बाहेर आल्या तेव्हा लोकांनी हात जोडले, आणि मग त्यांस कारण कळले.

त्या तडक कोंढाळकरांच्या घरी क्षमा मागावयास निघाल्या. परंतु मुलांनी दारातून परत लाविले. सायंकाळी पुन्हा गेल्या, तेव्हा दार बंद होते आणि अंगणातल्या कट्ट्यावर चाळिशीची एक बाई पदर ओढून एकटी बसली होती. ती आबासाहेबांची लेक रत्नमाला. अकरा वर्षांपूर्वी हिने मनाजोगते लग्न केले, जावई यंत्रमाग दुरुस्त करणारा, तेव्हा बापाने नाव टाकिले आणि भावांनी दार बंद केले, आणि ती खिंडीपलीकडील वाडीत नांदत होती. गोदूताई तिच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, माझ्या हातून तुझ्या वडिलांचा अपमान झाला. मी मुद्दाम नाही केलं गं."

रत्नमाला म्हणाली, "अपमानाचं काय ताई. लोकं हसत्यात म्हंजे आबानी काय तरी केलंच असंल. माजं दुकनं येगळं हाय." मग ती जमिनीकडे बघत बोलत राहिली. "मला या घरातनं कुनी सांगावा धाडनार न्हवतं. ते मला ठावं हुतं. म्हनून आकरा वर्सं रोज सव्वासातला मी रेडियोपाशी उभी. तुमी गप बसला की मी खाली बसायची. तुमी दुसऱ्याचं नाव घेतलं की पाप लागंल असं हायसं वाटायचं. आज तुमी गप बसला, मी भिताडाला टेकले. आन् ती बाई वरडली, आनंदाची बातमी. मला वाटलं, सुटले. आज कुनी न्हाई. रेडियो बंद केला आन् भांगलायला गेले. दुपारी यष्टीतला कंडक्टर सांगतोय, तुजा बाप गेला. हितं आले तर राख सुदिक निवाय लागलेली."

गोदूताई म्हणाल्या, "मला सांगितलं होतं चावी नाही म्हणून. माझाच हट्ट."

"तुमचं गप बसनं लय चांगलं हुतं, ताई. सगळी म्हनायची, ह्या बाईला मेलेल्याची कदर हाय," रत्नमाला म्हणाली. "पर गप बसनं म्हंजे सांगनं न्हवं. माजी आई अजून हाय आत. मला आज बी आत घेतलं न्हाई. तिचं तरी मला तोंडानं सांगा."

हे शब्द गोदूताईंच्या जिव्हारी लागले. बारा वर्षे आपण मेलेल्यांचा मान राखला, परंतु भिंतीला टेकून उभ्या असलेल्या जित्या माणसाचा विचार केला नाही, हे त्यांस त्या कट्ट्यावर कळों आले, आणि कळले ते कोणास दाखविण्याजोगे नव्हते.

इकडे राजधानीत निराळाच उत्सव. कोणी हुशाराने ती सकाळ ध्वनिमुद्रित करून घरोघरच्या मोबाइलवर फिरविली, आणि राज्याबाहेरचेही लोक ऐकू लागले, आणि जी प्रभातनाद गादी मरणपंथास लागली होती ती आठ दिवसांत तिन्हींत अव्वल जाहली. गादीचे कारभारी ऋत्विजराव, वय वर्षे सत्तावीस, शिष्टाचाराने गोड, स्वतः मोटारीतून आले आणि म्हणाले, "मॅम, तुम्ही स्टार झालात! आम्हाला हेच रोज हवंय. आधी काहीतरी मजेशीर जिंगल, मग तुमचा तो गंभीर आवाज. नाव पण ठरवलंय, 'हसत हसत निरोप'. सकाळचे दोन तास तुमचे."

गोदूताईंनी विचारिले, "आणि ज्यांचं माणूस गेलं, त्यांनी?"

"मॅम, त्यांना कळलेलं असतंच ना आधी."

"सगळ्यांना नसतं कळलेलं," गोदूताई म्हणाल्या. ऋत्विजराव समजाविते जाहले की तुम्ही नाही म्हणालात तर धनी सकाळचा पाऊण तासही काढून घेतील, मग या राज्यात निधनवार्ताच उरणार नाही, थोडे हसू सोसून वार्ता राखावी हे शहाणपण नव्हे काय. या बोलण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच गोदूताईंनी दोन दिवस विचार केला. वय साठीला टेकलेले, गादीवाचून सकाळ कशी उगवते हे विसरलेले, आणि आयुष्यात प्रथमच सर्व राज्य कौतुक करते आहे, ते टाकणे सोपे नव्हते. तिसरे दिवशी त्यांनी कागदावर चार ओळी लिहून दिल्या आणि चित्रपटगृहाचा जिना उतरल्या. ऋत्विजरावांनी त्यांचा आवाज जुन्या मुद्रणांतून काढून काही दिवस चालविला, परंतु मेलेली तीच ती नावे किती वेळ ऐकणार, वर्षभरात रयत कंटाळली आणि धन्याने तिन्ही गाद्या एकीत घालून मनोरा उतरविला. आज तेथे टायरचे दुकान आहे.

गोदूताई गेल्या कोठे, तर शेतकी शाळेने गच्चीवर एक चिमुकले रेडियो केंद्र घातले होते तेथे. त्याची सत्ता किती, तर पूर्वेस नदी आणि पश्चिमेस खिंड, तीही हवा स्वच्छ असेल तर. गोदूताईंनी शब्बीरभाईंस बोलावणे धाडिले आणि म्हणाल्या, "खिंडीपलीकडं ऐकू गेलं पाहिजे." शब्बीरभाईंनी खांबास जुना नळ जोडून पाहिला, दिशा फिरवून पाहिली, स्वतः सायकलवर खिंडीपर्यंत जाऊन आले, आणि म्हणाले, "वाडीत घराघरात न्हाई जायाचं. वाडीच्या वरच्या अंगाला, हिरीच्या कठड्याजवळ उभं ऱ्हायलं तर येतंय."

"एकाला आलं तरी पुष्कळ," गोदूताई म्हणाल्या, आणि वाडीस तसा निरोप गेला.

त्याच वर्षीची मार्गशीर्षातली पहिली सकाळ. गोदूताईंनी या खेपेस कानांवरची यंत्रे काढिली नाहीत. राज्यात त्या दिवशी कोणाचेही निधन नव्हते, आणि शब्बीरभाईंनी सवयीने गाणे लावावयास हात पुढे केला, तो गोदूताईंनी अडविला आणि वेळ सांगून लगोलग म्हणाल्या, "आज आपल्या मुलखात कोणीही गेलेले नाही."

शब्बीरभाई हळूच म्हणाले, "ताई, झालंच न्हाई त्याची कसली बातमी?"

नावांचा कागद पुढे असता लोक वाचितात, कोरा असता गप्प बसतात. गोदूताईंनी कोरा कागद पुढे धरून एकेका गावाचे, एकेका वाडीचे नाव घेतले आणि प्रत्येकापुढे "सर्व सुखरूप" ऐसे म्हटले. सर्वांत शेवटी बाजारपेठेतील कोंढाळकरांच्या गल्लीचे नाव घेतले. खिंडीपलीकडे विहिरीच्या कठड्याशी एक बाई रेडियो कानाशी धरून उभी होती; तिने ते शेवटले नाव ऐकले, आणि मग खुरपे उचलून कामास गेली.

हे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले. गाद्या तीन आल्या, तीन गेल्या, त्यांची नावे आज कोणास पुसली तर डोके खाजवितात. गच्चीवरचे केंद्र आहे, आणि सव्वासातला अजूनही बहुतेक दिवस तीच बातमी असते. जे ऐकतात त्यांस ती पुरते. इतके लिहून लेखणी पुसली.