नऊ कुलपांची स्मूदी

धोंडूमामा कुलपांना नावानं हाका मारतो. थट्टा करत नाही मी. दुपारी चारच्या सुमाराला तो स्टीलचा ग्लास घेऊन एखाद्या बंद दारासमोर उभा राहतो, घसा खाकरतो आणि आरोळी ठोकतो, "पांडुरंग, चॉकलेट-केळा तय्यार! बिना साखर!" दार अर्थातच उघडत नाही. पांडुरंग विरारला गेला, त्याला कैक वर्षं झाली आणि वारला त्यालाही पाच वर्षं झाली. मामा ग्लास उंबऱ्यावर ठेवतो, दाराला कान लावून ऐकतो, मान डोलावतो आणि पुढच्या कुलपाकडे वळतो.

ग्लास ठेवण्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याची त्याची हौस. पण ती मान डोलावली की माझ्या पाठीतून मुंग्या जातात.

मी वीजमीटरचं रीडिंग घेतो. कंत्राटी. पोलादपूरहून आंबेनळीच्या वाटेला लागलं की टेपाची वाडी म्हणून एक वाडी लागते. गाडी खाली लावायची आणि अर्धा तास चढायचं. अकरा घरं, त्यातली नऊ बंद. ती गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, एरवी माझ्या यंत्रात नऊ शून्यं. नऊ शून्यांसाठी एवढा डोंगर चढायला लावतात, त्यांना देव बघून घेईल.

पहिल्यांदा गेलो तेव्हा ज्येष्ठ चालू होता. धुकं असं की स्वतःची चप्पल दिसत नव्हती. वाडीत ना कोंबडं ना कुत्रं. पहिल्या घराचं मीटर बघतोय, तोच वरून घर्रर्र आवाज सुरू झाला. दगडी पाटा कुणी डोंगरावरून ओढत न्यावा तसा. थांबला. मग एकेका माणसाला हाका सुरू झाल्या. पांडुरंग, सखाराम, विठाबाय. ती नावं माझ्या यंत्रात होती. ग्राहकाचं नाव म्हणून. आणि त्यातली निम्मी माणसं मेलेली, हे मला खालच्या दुकानदारानं तासाभरापूर्वीच सांगितलं होतं.

पुढं गेलो तर उंबऱ्याउंबऱ्यावर ग्लास. आत काळपट, दाट काहीतरी. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तोंडातून मीटर नंबर निघाला.

"नवा हायस काय रे?" धुक्यातून एक टकलं डोकं बाहेर आलं. गळ्यात ॲप्रन, खाली अर्धी चड्डी आणि पायात गमबूट. "लाइटवाला? बस. गिऱ्हाईक उपाशी परत पाठवायचं नाय."

अशी आमची ओळख. मामानं मुंबईत एका ज्यूस सेंटरच्या काउंटरवर तीस वर्षं काढली. निवृत्त होताना शेटनं तिथला जुना मिक्सरच बक्षीस दिला. तो मामानं डोक्यावरून वाडीत आणला. मघाचा आवाज त्याचाच. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. एक म्हैस, एक फ्रिज आणि हा मिक्सर, एवढा त्याचा संसार.

स्मूदीच्या बाबतीत तो फार सोवळा. "बर्फ नाय, पाणी नाय, लबाडी नाय," हे त्याचं ब्रीद. बर्फ घातला की चव पळते म्हणे. पिकून काळी पडलेली केळी चकत्या करून आदल्या दिवशी फ्रिजरमध्ये घालायची, ती दगडासारखी झाली पाहिजेत. मग त्यात चिकू, भिजवलेला खजूर, घट्ट दही, चमचाभर नाचणीचं सत्त्व, वर म्हशीचं दूध आणि महाडहून आणलेली कोकोची पूड. साखरेचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरतं. "साखर आळशी मानूस घालतं. केळं कशाला पिकतंय मंग?" झालं की ग्लास तुमच्या डोक्यावर उपडा धरतो. पडली तर नापास. माझ्या शर्टावर दोनदा नापास झालेली आहे. पण प्यायल्यावर मी बोटानं ग्लास पुसून चाटला, हे कबूल करायला हवं.

"आणि हे ग्लास?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"राखण," तो म्हणाला.

आमच्याकडे शेताच्या, गावाच्या राखणदाराला वर्षातून एकदा काहीतरी देतात. नारळ, कोंबडा, ज्याची जशी रीत. कोंबड्याच्या जागी स्मूदी मी पहिल्यांदाच बघत होतो.

"घर बंद असलं ना, की त्याला भूक लागते," मामा अगदी शांतपणे म्हणाला. "मानूस जेवायचं थांबलं की घर आपलीच लाकडं खातं. आधी वासे, मग आढं. ती मागची दोन बघ, सपाट झाली. ती उपाशी मेली."

मी बघितलं. दोन जोती होती, त्यांवर गवत. मी चटकन उठलो.

उरलेली मीटरं उरकून परत उतरताना त्याच दारांवरून आलो. फार तर अर्धा तास झाला असेल. नऊच्या नऊ ग्लास रिकामे होते. पालथे घातलेले, ओळीनं. चिटपाखरू नाही. मी खालपर्यंत पळत गेलो. छत्री वरच राहिली, ती मी मागितलीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, अकरातली नऊ बंद, एक मामाचं, मग अकरावं? अकराव्यात तारामावशी. मामाच्या भावकीतली, नात्यानं वहिनी. दोघांचं बोलणं नऊ वर्षं बंद. बांधावरच्या फणसावरून भांडण झालं. फणस पुढच्याच वाऱ्यात पडला, भांडण उभं राहिलं. "तुज्या दारचं पानी पन पिनार नाय," असं तिनं देवासमोर म्हटलं आणि ते पाळलं. वाडीत माणसं दोन आणि दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एकाला दुसऱ्याला काही सांगायचं असेल तर म्हशीला सांगायचं, तेही मोठ्यानं.

त्या पावसाळ्यात मावशी वाळत चालली होती. मीटर तिच्या ओटीवर, त्यामुळे दर महिन्याला मी बघायचो. दात गेलेले, भाकरी चावेना, पेजेचा कंटाळा आलेला. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत. तिच्या मुलानं फोनवर बजावलं होतं, गणपतीत येतो, अशीच दिसलीस तर उचलून नालासोपाऱ्याला नेणार. "तिकडं गेले की मी मेलेच रे," ती मला म्हणाली. "तिसरा माळा. खाली माती नाय." बोलताना तिचा आवाज बंद खोलीतून आल्यासारखा येत होता. मला वाटलं, ही वाडीतली दहावी बंद खोली होणार.

पुढच्या खेपेला मी ठरवूनच गेलो. माझा भित्रेपणा खात्यात जगजाहीर झाला होता, पोरं मला 'ग्लासवाले' म्हणू लागली होती. मामाची फेरी संपली तसा मी सखारामच्या पडवीत लाकडांमागे बसलो. धुकं होतंच. थोड्या वेळानं धप्, धप् अशी पावलं ऐकू आली. मी डोळे मिटले. उघडले तर गमबूट. मामा बादली घेऊन आला होता. एकेक ग्लास बादलीत ओतत होता, ग्लास पालथा घालत होता. ओतलेलं सगळं म्हशीला.

"तरीच तुझी म्हैस एवढी तुकतुकीत," मी बाहेर येत म्हणालो.

तो दचकला नाही. लाजला. टक्कल लाल झालं.

मी बादलीत डोकावलो. "आठच ओतलेस. विठाबाईच्या दारचा राहिला."

"तो मी उचलत नाय." विठाबाईचं घर मावशीच्या भिंतीला भिंत लावून आहे. मावशीच्या थोरल्या जावेचं. मामा तिकडं न बघताच बोलत राहिला. "माज्या हातचं ती घेनार नाय. शपथ हाय. पन राखनीचं कुनी नाकारत नाय, नाकारूच शकत नाय. येकाच दारात ठेवली असती तर तिला कळलं असतं. म्हनून नऊ दारांत."

"आणि चॉकलेट?"

"त्याशिवाय माज्या म्हशीचं दूध लपतंय काय? चावायला लागत नाय, ताकद हाय. आता चार घोट जातात तिच्या पोटात." तो बादली उगाच हलवत राहिला. "ती गेली ना, तर हितं मीच रे. मंग खरंच दारं बोलतील."

आणि मग हलकेच म्हणाला, "मी कान लावतो ना दाराला, ते तिकडं ग्लास उचलल्याचा आवाज येतो काय ते ऐकायला."

एवढ्या दिवसांत मी काय काय कल्पना केल्या होत्या, त्यांची लाज वाटली.

गणपतीच्या आधीचं रीडिंग घ्यायला गेलो तेव्हा मावशी ओटीवर बसली होती. गालावर थोडं मांस आलेलं, बांगड्या मनगटाशी टिकलेल्या. मुलाला फोनवर दिसली तशी त्यानंही सध्या राहू दे म्हटलेलं. मी खूश होऊन म्हणालो, "राखणीचा प्रसाद मानवला म्हणायचा."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी यंत्र खाली ठेवलं.

"त्याच्या म्हशीचं दूध मला वळखू येत नाय काय? ती म्हैस माज्या हातावर जन्मलेय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे? आणि शपथ?"

"शपथ मोडली, ती मी नि देव बघून घेऊ. गोड तर मला मुळात आवडत नाय. त्या नाचनीनं घशाला चिकटतं." ती भिंतीला धरून उठायला लागली. "पन तीस वर्सं गिऱ्हाइकं केली त्यानं. हितं कोन हाय त्याला? येक तरी ग्लास खरा रिकामा व्हयाला पायजे ना."

वर मिक्सर सुरू झाला होता. थांबला. मग धुक्यातून पांडुरंगाच्या नावाची हाक आली, मग सखारामच्या. मावशीनं पदर सारखा केला आणि जावेच्या दाराकडे जाणारी पायरी पायानं चाचपली.

मी हात द्यायला पुढं झालो तर तिनं झिडकारला. "सर बाजूला. जरा उशीर झाला ना, की त्याला वाटतं, मी मेले."