समजा, गेलं

सोवनीकाका कुणाच्याही दुकानात शिरले की आधी छताकडे बघतात. दुकानदाराकडे नंतर, आणि मालाकडे सगळ्यांत शेवटी. छत झालं की भिंतीवरच्या वायरी, मग मागचं दार, मग पायाखालची फरशी. एवढी पाहणी झाली की ते अतिशय सौजन्यानं विचारतात, "समजा, गेलं. मग?"

काय गेलं, कसं गेलं, हे ते सांगत नाहीत. सगळंच गेलं, असं आपण धरून चालायचं. मंडईतल्या केळीवाल्यापासून मंगल कार्यालयाच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना त्यांचा हा प्रश्न विचारून झाला आहे. पुतणीच्या लग्नात होमाकडे बघत त्यांनी तो गुरुजींनाही विचारला होता म्हणे. मी तिथं नव्हते, पण विश्वास ठेवायला मला काही अडचण नाही.

माझं शुक्रवार पेठेत साड्यांना रोल-पॉलिश करायचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन रोलर, एक लांब टेबल, एक वाफेची इस्त्री आणि मी. कपाटात घड्या पडून मान टाकलेली साडी आमच्याकडे येते आणि दोन दिवसांनी ताठ मानेनं परत जाते. चौदा वर्षं माझे हात कापडात आहेत, त्यामुळे सोवनीकाका पहिल्यांदा दारात उभे राहिले तेव्हा माझी नजर त्यांच्या तोंडाकडे न जाता हातातल्या भाजीच्या पिशवीकडे गेली. पिशवीला इस्त्री होती. साधीसुधी नाही, कडक. दोन्ही बाजूंना धारदार घडी, आणि आत मेथी.

"वर कोण राहतं?" छताकडे बघत त्यांनी विचारलं.

"कॉलेजची मुलं राहतात, भाड्यानं. का हो?"

"त्यांची मोरी कुठं आहे?"

"आता मला काय माहीत त्यांची मोरी!"

"बघून या. तुमच्या डोक्यावर आहे," असं म्हणून ते मेथी घेऊन निघून गेले.

मला वाटलं, हा माणूस एक तर महापालिकेतला असावा, नाही तर डोक्यानं कमी. दोन्ही एकत्र असायलाही हरकत नव्हती. पण शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या जोशीकाकूंनी खुलासा केला. त्या काकांच्याच इमारतीत राहतात. सोवनी म्हणजे निवृत्त सर्व्हेअर. विम्याचा दावा आला की जळलेलं, बुडालेलं, कोसळलेलं बघायला कंपनी ज्या माणसाला पाठवते, तो माणूस. उभा जन्म त्यांनी राख उकरून आत काय काय होतं ते मोजण्यात घालवला. त्यामुळे आपल्याला दुकान दिसतं तेव्हा त्यांना त्या दुकानाचा दुसरा दिवस दिसतो.

"आणि इस्त्रीला वाघोलीला जातात," जोशीकाकू म्हणाल्या.

"कुठं?"

"वाघोलीला! दर मंगळवारी, दोन बस बदलून. आमच्या गल्लीत तीन इस्त्रीवाले आहेत हो. यांचं आपलं गाठोडं घेऊन वाघोली. आणि काय काय नेतात म्हणून सांगू, उशांचे अभ्रे, पंचे, फडकी! एकटा माणूस. बायको जाऊन किती वर्षं झाली. विचारलं तर म्हणतात, तिथं कोळशाची इस्त्री आहे."

पेठेत माणसाला एखादं वेड असायला कुणाची ना नसते, फक्त ते पेठेच्या हद्दीत असावं अशी अपेक्षा असते. वाघोली म्हणजे फार झालं, असं सगळ्यांचं मत होतं. माझंही होतं.

पुढं आमच्या मागच्या गल्लीत एका दुकानात शॉर्टसर्किट झालं आणि मला धडकी भरली. विमा काढायचा ठरवला. आमच्या ह्यांच्या मामेभावाचे साडू, प्रशांतराव, विम्याचं काम करतात. ते एक स्वस्त आणि एक महाग अशा दोन योजना घेऊन आले. "वहिनी, स्वस्तातली घ्या. सगळं कव्हर होतंय. अजिबात टेन्शन घेऊ नका." मी पेन उघडलं, आणि तेवढ्यात दारात इस्त्रीची पिशवी दिसली.

काका आत आले, कागद उचलले आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागले. ते वर्तमानपत्रही शेवटाकडून वाचतात. "पहिल्या पानावर काय देणार ते लिहिलेलं असतं, शेवटी काय देणार नाही ते. माणसानं आधी वाईट बातमी वाचावी." मग चष्म्यावरून प्रशांतरावांकडे बघत त्यांनी विचारलं, "सगळं म्हणजे काय काय?"

"सगळं म्हणजे काका... आग, पाणी, भूकंप, दंगल..."

"ते कशानं जाईल ते झालं. काय जाईल ते सांगा."

"दुकानातला सगळा माल."

"कुणाचा?"

"वहिनींचा!"

काका माझ्याकडे वळले. "बाई, या दुकानात तुमचं काय आहे?"

मी सांगितलं. रोलर, टेबल, इस्त्री, पंखा.

"आणि या साड्या?"

"त्या गिऱ्हाइकांच्या."

"म्हणजे लाखोंचा माल आहे, आणि त्यातलं एक सूतसुद्धा तुमचं नाही. समजा, गेलं. कंपनी तुम्हाला पंख्याचे पैसे देईल. प्रशांतराव, त्या पंख्याच्या वाऱ्याला बसून या बाई दीडशे बायकांना काय सांगतील, तेवढं मला सांगा."

प्रशांतरावांनी पंख्याकडे बघितलं. मीसुद्धा बघितलं. चौदा वर्षं मी त्या दुकानाची मालकीण होते आणि माझ्या दुकानात माझं काहीच नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग काकांनी प्रशांतरावांना बसवून घेतलं. दुसऱ्याचा आपल्या ताब्यातला माल वेगळा लिहावा लागतो, नाही लिहिला तर तो विम्यात नाहीच. रक्कम आषाढातल्या रिकाम्या दुकानाची धरायची नाही, लग्नसराईतल्या ओसंडलेल्या दुकानाची धरायची. कमी रकमेचा विमा असेल तर नुकसानभरपाईही त्याच मानानं कापली जाते. हप्ता स्वस्त योजनेच्या दुप्पट झाला. माझा चेहरा बघून काका म्हणाले, "महाग वाटतंय ना? वाटू दे. स्वस्त पॉलिसी जाईपर्यंतच स्वस्त असते."

एवढ्यावर भागलं नाही. साडी घेताना प्रत्येक बाईकडून चिठ्ठीवर साडीची किंमत तिच्याच हातानं लिहून घ्यायची, असा त्यांनी दंडक घातला. गिऱ्हाइकं भडकली. "किंमत कशाला? जाळणार आहात का?" एकीनं विचारलं. दुसरी नवऱ्याबरोबर आली होती. तिनं चिठ्ठीवर अर्धी किंमत लिहिली, माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, आणि तासाभरानं एकटी परत येऊन खरी किंमत लिहून गेली. मी मनातल्या मनात काकांना शिव्या घालत होते, पण चिठ्ठ्या जपून ठेवत होते.

आणि मार्गशीर्षात, ऐन लग्नसराईत, ते झालं.

गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद होतं. वरच्या मुलांनी पाणी आलंय का बघायला मोरीतला नळ सोडला, आलं नाही, नळ तसाच ठेवून ती गावाला गेली. मोरीच्या जाळीवर कुणाचा तरी टॉवेल पडलेला. शुक्रवारी पहाटे पाणी आलं. मी दहाला शटर वर केलं तेव्हा छतातून चार धारा लागल्या होत्या, आणि रॅकवरच्या साड्यांचे रंग एकमेकींत उतरत होते. हिरवा जांभळ्यात, जांभळा मोतिया रंगात. सर्वांत वर वाघोलीच्या एका नवरीचा शालू होता. मी खाली बसले आणि मोठ्यानं रडले.

काका कुणी सांगितल्यावर आले, माहीत नाही. कडक शर्ट, कडक पँट. मी साड्या ओढायला निघाले तर म्हणाले, "थांबा. आधी फोटो. मग कंपनीला फोन. मग उचला, पण टाकू काही नका." आवाज इतका शांत होता की माझं रडणं आपोआप थांबलं. त्यांनी वर छताकडे एकदासुद्धा बघितलं नाही. "मी सांगितलं होतं" असंही म्हणाले नाहीत, आणि पेठेत राहून हे न म्हणणं किती अवघड आहे ते पेठेतल्या माणसालाच कळेल.

दुपारी कंपनीचा सर्व्हेअर आला. मी म्हटलं, काका, तुम्हीच बोला त्याच्याशी. त्यांनी मान हलवली. "मी बोललो तर त्याला रिपोर्ट नीट लिहिता येणार नाही. त्याचं काम त्याला करू दे." आणि ते बाहेरच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले. सर्व्हेअरनं चिठ्ठ्या तपासल्या, पॉलिसी तपासली, एका ओळीवर बोट ठेवून थांबला. "मॅडम, गिऱ्हाइकांचा माल वेगळा लिहून घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं? छोटे दुकानदार सहसा घेत नाहीत हे." मी पायरीवरच्या त्या ताठ पाठीकडे बघितलं. माझ्या आयुष्यात मी देवळाबाहेर कुणाला मनोमन नमस्कार केला असेल तर तो त्या पाठीला.

पैसे यायला दोन महिने लागले, पण आले. प्रत्येक बाईच्या घरी मी स्वतः गेले. शेवटचं घर वाघोलीच्या नवरीचं. उधारीवर दुसरा शालू घेऊन बिचारीचं लग्न लागलं होतं. तिच्या आईनं चेक घेतला, लाडू दिला, आणि मी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडले, तर समोर पत्र्याच्या शेडखाली एका स्टुलावर सोवनीकाका बसलेले. वर्तमानपत्र शेवटच्या पानावर उघडलेलं. टेबलापलीकडे साठीचा एक माणूस कोळशाच्या इस्त्रीनं भाजीची पिशवी दाबत होता. मंगळवार होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

काका दचकले. इतक्या दिवसांत मी त्यांना दचकलेलं पाहिलं नव्हतं. "चहा सांगून येतो," असं पुटपुटत ते जवळजवळ पळालेच.

"तुमी सायबांच्या वळखीच्या?" इस्त्रीवाल्यानं विचारलं. नाव बबनराव. "म्या पयला स्वारगेटला हुतो. मोठी लाँड्री हुती माजी. आग लागली, समदं गेलं. मशिनी पॉलिसीत हुत्या, गिऱ्हाइकांची कापडं न्हवती. सायेबच आलते बघाया. त्यांनी तसंच लिवलं. जागा इकून लोकांची कापडं भरून दिली म्या, आन् हितं आलो."

"राग नाही आला त्यांचा?"

"आला की! लई आला. पर खोटं कुटं लिवलं हुतं त्यांनी? मग दोन वर्सांनी हुडकत हुडकत हितं आले. म्हनले, शर्टाला इस्त्री करायचीय. म्या वळखलं. त्यास्नी बी कळलं, म्या वळखलंय. तवापासनं दर मंगळवारी येत्यात."

"त्या आगीबद्दल कधी बोलले?"

"त्ये बसत्यात, म्या इस्त्री करतो, चा पितो. आजून काय बोलायचं?" बबनरावांनी पिशवीची घडी घातली आणि गाठोड्यातून एक फडकं काढलं. भांडी पुसायचं. "आता एका मानसाला येवढी कापडं लागत्यात व्हय, ताई? मला कळतंय की. म्या बी करून देतो. कडक."

शेडच्या खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद अडकवलेला होता. पॉलिसी. 'ग्राहकांचे कपडे' या शब्दांखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. ती रेघ मी ओळखली. माझ्या पॉलिसीवरही तशीच आहे.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. गाठोडं काकांच्या मांडीवर. ते बाहेर बघत होते. मग म्हणाले, "रिपोर्ट बरोबर होता, बाई. एका शब्दाची चूक नव्हती त्यात."

"हो काका."

"पॉलिसीत ते दोन शब्द नव्हते, एवढंच. कुणी आधी सांगितलं असतं तर त्यानं घातले असते. पण सर्व्हेअरला बोलावतात ते सगळं गेल्यावर." त्यांनी गाठोड्याची गाठ उगाचच घट्ट केली. "म्हणून आता आधी जातो."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. मला रडू आवरत नव्हतं, आणि त्यांच्यासारख्या माणसासमोर रडायचं म्हणजे त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असतं. या माणसाला आम्ही सगळे हसलो होतो. मी तर सगळ्यांत जास्त.

पुढच्या मंगळवारी काका दुकानावरून निघाले तेव्हा मी त्यांना हाक मारली. माझ्याकडे वाफेची इस्त्री आहे, रोलर आहेत, शुक्रवार पेठेत माझ्याइतकं कडक कापड कुणी करत नाही. तरी मी घरच्या आठ अभ्र्यांचं आणि दोन चादरींचं गाठोडं त्यांच्या हातात दिलं.

"काका, वाघोलीला निघालाच आहात तर एवढंही न्या. कोळशाच्या इस्त्रीची सर नाही हो वाफेला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गाठोड्याची गाठ तपासली, ते काखेत नीट धरलं आणि दुसरा हात पुढं केला.

"चिठ्ठी द्या. किंमत लिहून. समजा, गेलं."