हा कसा गुलाबी?

आमच्या गल्लीतून सकाळी बाहेर पडायचं तर मेश्रामकाकांचा नाका चुकत नाही. काका फाटकाशी उभे असतात. एका हातात झारी, दुसऱ्या हाताने एखादी फांदी वाकवून धरलेली. तुम्ही दिसलात की ती फांदी तुमच्या तोंडासमोर येते आणि पाठोपाठ प्रश्न, "हा कसा गुलाबी हाय?"

आता गुलाबी कसा असणार? गुलाबीच. पण हे उत्तर काकांकडे चालत नाही. दूधवाल्याने एकदा देऊन पाहिलं. "गुलाबी तर कालचाही होता," म्हणत काकांनी त्याला पुन्हा फुलापुढे उभं केलं. समोरच्या इंजिनिअर मुलाने 'बेबी पिंक' सांगितलं, तर "हे दुकानातलं नाव झालं गा, फुलाचं सांग," असा शेरा मिळाला. तेव्हापासून तो मागच्या बोळातून गाडी काढतो.

अंगणात कन्हेर, बोगनवेल, जास्वंद, गुलाब, सगळं आहे आणि सगळं गुलाबीच. मी एकदा हौसेने झेंडूचं रोप नेऊन दिलं. काकांनी गोड बोलून ते माझ्याच दारात आणून लावलं, वर पाणीही घालून गेले.

गंमत म्हणजे काकांना स्वतःला गुलाबी दिसतच नाही. जन्मापासूनचा दोष. रेल्वेने डोळे तपासून घरी पाठवलं, मग सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत लागले. "तिथं सगळंच काळं. मले आणखी काय पाहिजे होतं?" असं ते चवीने सांगतात. मुलगी पाहायला गेले, तेव्हा तिची साडी त्यांना मातकट दिसली. पोरीला धड साडीही नाही, असं वाटून ते पाहुण्यांसमोरच 'साडी मी घेऊन देईन' म्हणून बसले. साडी होती छान गुलाबी.

काकूंना लग्नानंतर खरं कारण कळलं आणि त्यांनी चंगच बांधला. अंगणात गुलाबी फुलंच लावायची आणि नवऱ्याला रोज एकेक रंग समजावून द्यायचा. हा कांद्याच्या आतल्या सालीसारखा, तो न्हाऊ घातलेल्या बाळाच्या टाचेसारखा. काकांना आमच्याकडून हवं असतं ते असलं उत्तर. मिळालं की विसरू नये म्हणून पुटपुटत, चपला तशाच घालून घरात पळतात. हल्ली काकू अंगणात दिसत नाहीत. गुडघे धरले असतील, असं मी समजून चालले होते.

यंदा मार्चमध्ये एका संध्याकाळी गारपीट झाली. सकाळी पाहते तर काकांच्या अंगणात एक फूल उरलेलं नव्हतं. कन्हेरीच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. काका मात्र फाटकाशी होते.

"बेटा, आज काहीतरी सांगून दे वं," ते हळूच म्हणाले. "तुझी काकू वाट पाहून राहिली."

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. शुगरने काकूंची नजर दिवाळीपासून गेली होती. कोणी कीव केलेली काकूंना खपत नाही, म्हणून गल्लीत बोलले नव्हते.

"जन्मभर तिनं मले रंग सांगितले. आता माही पाळी. पण मले काय दिसते? तुम्ही सांगता, तेच तिले नेऊन देतो. काल गारा ऐकून रडून राहिली होती. म्हणून मी म्हटलं, एक फूल वाचलं हाय."

मी त्या उघड्या फांद्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लाल पेरू कापला की कडेला असतो ना काका, तसा. फिका."

"पेरू... कडेला... फिका," असं घोकत काका आत गेले. खिडकी उघडी होती. काकूंचा आवाज आला, "मंग ती भिंतीजवळची जास्वंद असन. ती पहिलेपासून हट्टी हाय. बरं झालं, तुम्ही आता चहा प्या."

संध्याकाळी ऑफिसातून येताना मी नर्सरीत शिरले आणि कळी धरलेली जास्वंद मागितली. गुलाबीच पाहिजे म्हटलं. माळी म्हणाला, "ताई, गुलाबी लई प्रकारचे हाय. कसा पाहिजे?"

मी त्याला पेरू कापून दाखवावा तसा तो रंग सांगितला.