अकरा बशांचा दत्ता

माझ्या माडीवर राहणाऱ्या दत्ताने चार मुली पोह्यांवरून नाकारल्या आहेत. पहिल्या घरी शेंगदाणे कच्चे राहिले होते. दुसरीकडे वरून खोबरं पेरलेलं नव्हतं. तिसरीकडे लिंबाची फोड बियांसकट आली. चौथी मुलगी माझ्या नणंदेची. तिचं पुढे सांगते, कारण तो घाव माझ्याच घरचा आहे.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीला ही यादी पाठ आहे. दत्ता कामावरून आला की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला हटकून विचारतो, "काय दत्ताभाऊ, ह्या खेपेला मीठ बराबर हुतं का?" दत्ता चिडत नाही. मान तिरकी करून म्हणतो, "चवीचा प्रश्न हाय. तिथं तडजोड न्हाय." आणि जिना चढतो.

वय छत्तीस. सावळा, उंच, खांद्यात जरासा वाकलेला. गाव गारगोटीच्या पलीकडं, नोकरी शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझरची. खोली बघायला आला तेव्हा मी विचारलं, जेवणाचं काय करणार? म्हणाला, "माझं मी करतो, बाई. फकस्त थोडा आवाज हुईल." मला वाटलं, मिक्सरचा.

पहिल्याच रविवारी वरून कुणीतरी कुणालातरी दम देत असल्यासारखा आवाज येऊ लागला. घाईघाईने वर गेले. दार उघडंच होतं. सासूबाईंचं जुनं लोखंडी कपाट सताड उघडलेलं, त्यात गाद्या-रजया कोंबलेल्या आणि त्या रजयांत एक माणूस कमरेपर्यंत शिरलेला. बाहेर फक्त दोन पाय.

"दत्ता!"

आतून गुदमरलेला आवाज आला, "बाई, दोन मिंटं. शेवटचं कडवं राह्यलंय."

बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता आणि हातात मोबाइल होता. कपाटात आवाज घुमत नाही म्हणे, म्हणून रेकॉर्डिंग तिथंच. याला रॅप म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. गाणं नव्हे आणि भांडणही नव्हे. माणूस तालात भांडला तर जे होईल, ते.

"आणि बाई, आपलं हे अंडरग्राउंड हाय," तो अभिमानाने म्हणाला.

"अरे, पण तू तर माडीवर राहतोस."

यावर तो इतका हसला की रजईवरच बसला. ते वाक्यही पुढे त्याने एका गाण्यात घातलं.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. यजमान गेले, मुलगा बंगळूरला असतो. निवृत्त झाल्यावर माझ्या भाषेची गरज उरलेला एकच माणूस निघाला, तो हा. सकाळी दूध घ्यायला खाली उतरायचा आणि पातेलं हातात धरून विचारायचा, "बाई, 'कोथिंबीर'ला यमक काय?" मी म्हणे, गंभीर. खंबीर. संध्याकाळी वरून ऐकू यायचं: *पोरगी गंभीर, बाप खंबीर, बशीत नुसती कोथिंबीर.* मात्रा बसत नव्हत्या, पण खोटं नव्हतं त्यात काही.

कलाकार म्हणून त्याने 'एमसी दडपे' असं नाव घेतलं होतं. एमसी ही रॅपवाल्यांची उपाधी म्हणे, आणि दडपे हे दडप्या पोह्यांवरून. एकदा त्या नावाने कुरिअर आलं. समोरचे आजोबा तासभर चौकशी करत बसले, हे दडपे कुठले, मूळ गाव कुठलं, सोयरीक कुणाकडची.

तर हा दडपे एक आल्बम करत होता. "गाणी बरीच, पण विषय एकच. कीर्तनात आख्यान असतंय न्हवं, तसं." विषय म्हणजे त्याने मुलगी बघायला जाऊन खाल्लेल्या पोह्यांच्या बशा. एका गाण्यात एक बशी. शेवटी हिशेब अकरावर थांबला: सात ठिकाणी त्याला नकार मिळाला आणि चार ठिकाणी त्याने दिला. आल्बमचं नाव 'अकरा बशा'. दुसऱ्या बशीतल्या ओळी मला अजून पाठ आहेत:

*पुण्यात फ्लॅट हाय का? न्हाय.*
*हातकणंगल्यात प्लॉट हाय का? न्हाय.*
*मग पावणं, तुमच्याकडं हाय तरी काय?*
*म्या म्हटलं, भूक हाय. आणि थोडं वाढताय काय?*

गंमत म्हणजे अकरा गाण्यांत एकाही मुलीचं नाव नाही, गाव नाही, रंग-उंचीचा उल्लेख नाही. पोहे असतात, मुलीचा बाप असतो आणि दत्ता असतो. फजिती सगळी दत्ताची. शिक्षिका म्हणून हे माझ्या लक्षात आलं होतं. बाई म्हणून मी त्यावर विचार केला नाही.

आता नणंदेच्या मुलीचं. पल्लवी, बी.एस्सी. झालेली, वारणानगरला आई-वडिलांबरोबर राहणारी. तेव्हा आल्बमच्या सहा बशा झाल्या होत्या. मी नणंदेला फोन केला. मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरी कायम आहे, माझ्या डोळ्यांसमोर राहतो. जरा गाण्याचा नाद आहे, पण तो कपाटात.

आम्ही दोघं बसने गेलो. दत्ताने पांढरा शर्ट घातला होता आणि वाटभर तो एकदाही गुणगुणला नाही. पोहे आले. नणंदेचा हात पोह्यांसाठी साऱ्या भावकीत वाखाणलेला. दत्ताने बशी चाटूनपुसून संपवली. मग वडीलधाऱ्यांनी हल्लीच्या रीतीप्रमाणे "तुम्ही दोघं बोला जरा" म्हणून त्यांना परसात पाठवलं. दहा मिनिटांनी दोघं परत आली. दत्ताने पुन्हा पोहे मागून घेतले. नणंदेने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मी मनात रुखवत मांडायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा राहिला. "बाई, न्हाय जमायचं."

"का?"

"पोह्यात साखर हुती."

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. पण त्याने हेच कारण नणंदेच्या नवऱ्याला फोनवर सांगितलं होतं, मला सांगायच्या आधी. अर्ध्या तासात नणंदेचा फोन. "वहिनी, माझ्या पोह्यात साखर? बावीस वर्षांत मी पोह्याला साखर लावलेली न्हाय! आणि दोनदा वाढून घेतलं की हो मेल्यानं!" तिला रडू आवरेना. मी माहेरी-सासरी सगळीकडे खोटी पडले.

त्या दिवसापासून मी दत्ताशी बोलणं टाकलं. खोली सोड असं मात्र म्हटलं नाही. पाण्याची मोटार चालू राहिली की मी जिन्याखालून भिंतीला ओरडायचे, "मोटार बंद करा!" त्याला नव्हे, भिंतीला. दत्ताने यमक विचारणं सोडलं. दुधाचं पातेलं घेऊन खाली उतरताना तो पावलं हळू टाकी. एका घरात दोन माणसं, आणि जिन्यात एक शब्द नाही. असं दीड वर्ष.

मधल्या काळात तो आणखी चार ठिकाणी जाऊन आला. त्या चारही घरांनी नकार दिला, इतकं गल्लीतून कळलं. मग आल्बम पुरा झाला. एका मित्राच्या गॅरेजात रविवारी सकाळी तो सगळ्यांना ऐकवायचा ठरला. दत्ता बोलवायला खाली आला. दाराची कडी वाजवून म्हणाला, "बाई, यमकं निम्मी तुमची हाईत."

मी आतूनच म्हटलं, "मला बरं नाही."

"बरं," म्हणाला, आणि थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग चपलांचा आवाज गल्लीत निघून गेला.

इस्त्रीवाला जाऊन आला आणि त्याने गल्लीला वृत्तांत दिला. बारा-तेरा पोरं होती, हसून हसून पोटं दुखली. दत्ताने आल्बम इंटरनेटवर टाकला, मलाही फोनवर पाठवला. मी दुपारी दार लावून, केवळ चुका काढायच्या म्हणून ऐकला. नवव्या बशीत फाउंड्रीतल्या हातोड्याच्या ठोक्यावर दर दोन ओळींनी एक बाई कडाडत होती, "मोटार बंद करा!" आवाज माझाच. मला हसू फुटलं. पण अबोला होता. वर ऐकू जाईल म्हणून तोंडाला पदर लावून हसले.

आल्बमने एक केलं. स्थळं आणणाऱ्या मंडळींच्या कानांवर गेला आणि त्यांनी दत्ताचं नाव सोडून दिलं. पोह्यांवरून मुलगी नाकारतो आणि वर त्याची गाणी करतो, अशाच्या दारात कोण बाप जाईल? अकरावी बशी शेवटची ठरली.

गेल्या महिन्यात पल्लवी आली. हातात पेढे. पाटबंधारे खात्याची परीक्षा पास होऊन नोकरीला लागली होती, आणि तिथल्याच एका मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. घरच्यांनाही मुलगा पसंत होता. पेढा तोंडात टाकून मी तिला तिच्या जुन्या अपमानाची आठवण करून दिली. तिला डिवचायचं म्हणून नव्हे, माझी सल म्हणून. "तो मेला अजून वरच राहतो. तुझ्यावर गाणंसुद्धा केलंय त्याने, ऐक." मी फोनवर सातवी बशी लावली.

ती ऐकत होती. साखरेच्या ओळीला हसली. आणि हसता हसता एकदम ओढणीने डोळे पुसायला लागली.

"मामी, आईच्या पोह्यात साखर नव्हतीच."

"ते का मला माहीत नाही?"

"मीच सांगितलं होतं त्यांना, नाही म्हणा म्हणून. परसात. बाबा म्हणाले होते, चालून आलेलं स्थळ तू मोडलंस तर क्लास बंद, परीक्षा बंद. मी हात जोडले त्यांच्यापुढं. ते म्हणाले, कारण काय सांगू? म्हटलं, काहीही सांगा. मग त्यांनी विचारलं, पोहे कुणी केलेत? मी म्हटलं, आईनं. तर म्हणाले, मग पोह्यांवर घालतो. तुमच्यावर काय येणार न्हाय."

मी फोनवरचं गाणं थांबवलं.

"मी म्हटलं, लोक तुम्हाला नावं ठेवतील. तर म्हणाले, भिऊ नका, मला सवय हाय. हे चौथं."

कच्चे शेंगदाणे, खोबरं आणि लिंबाच्या बिया माझ्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेल्या.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस गं?"

"निकाल लागेस्तोवर भीती होती. नंतर लाज वाटली." तिची बस होती. जिन्याच्या दोन पायऱ्या चढली आणि परत फिरली. "काय बोलू मी त्यांच्याशी? तुम्हीच सांगा, मामी. म्हणावं, गाणं मी ऐकलं."

ती गेल्यावर मी पेढ्यांचा पुडा घेऊन वर गेले. दुपारची वेळ, दत्ताला सुट्टी होती. तो भिंतीला टेकून शर्टाचं बटण लावत बसला होता. मला दारात बघून तो सुईदोऱ्यासकट उठला.

"बाई? मोटार चालू राह्यली व्हय?"

"नाही. पल्लवी आली होती. तुझं गाणं ऐकलं तिने, सगळं सांगून गेली."

त्याने सुई नीट रिळात खोचली. मग विचारलं, "पास झाल्या का त्या?"

"झाली. नोकरीही लागली. त्याचेच पेढे."

दत्ताचा चेहरा असा उजळला की जणू निकाल त्याचा होता. त्याने दोन्ही हातांनी पेढा घेतला. दुसरी बातमीही सांगायला हवी होती. मी म्हटलं, "लग्न ठरलंय तिचं. ऑफिसातलाच मुलगा आहे."

पेढा हातात तसाच राहिला. "चांगलं झालं की," तो म्हणाला. "माणूस बरा हाय न्हवं?"

"बरा आहे म्हणतात."

मग त्याने पेढा खाल्ला. सावकाश, खाली बघत.

"आणि मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला. "दीड वर्ष मी तुझ्याशी बोलले नाही! मला पोटात ठेवता आलं नसतं असं वाटलं तुला?"

"तसं न्हाय, बाई. तुम्ही माझ्या बाजूनं भांडला असता. मग त्यांचं अवघड झालं असतं."

मी पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधला. मग विचारलं, "आणि बाकीच्या तिघी?"

"त्यांचंबी आपापलं कायकाय हुतं." एवढंच.

"तुला त्यातली कुणी आवडली होती का रे?"

दत्ताने खोलीतली एकुलती खुर्ची ओढली आणि खांद्यावरच्या टॉवेलने पुसू लागला. पाठ पुसली, हात पुसले, खालच्या पट्ट्यासुद्धा पुसल्या. "बसा की, बाई. उभ्यानं काय इचारताय?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गावाकडून, आईचा. म्हातारीचा आवाज दारापर्यंत येत होता.

"व्हय, जेवलो," दत्ता म्हणाला. "व्हय. न्हाय, ताप न्हाय. आई, मागनं करतो फोन. घरात माणूस आलंय."

पलीकडून म्हातारीने दोनदा तेच विचारलं.

"व्हय गं, खरंच आलंय. खालच्या बाई. बसल्यात. च्या टाकतोय."

मी अजून दारातच उभी होते. आत जाऊन बसले.