कांबळे मॅडमचा अर्धा तास

आमच्या कोल्हापूरच्या लॅबमध्ये कांबळे मॅडम रक्त घेण्याआधी पेशंटला अर्धा तास आडवं झोपवतात. त्या अर्ध्या तासात बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही आणि जावयाची आठवण काढायची नाही. तिसरा नियम मॅडमचा स्वतःचा.

कारण शास्त्रीय आहे. नसा एकमेकींना ज्या रसायनातून निरोप देतात, ते मोडलं की त्याचा चुरा रक्तात उतरतो. रक्तदाब एकाएकी उसळणाऱ्या माणसाच्या पोटात गाठ आहे का, याचा अंदाज त्या चुऱ्यावरून येतो. पण माणूस घाबरला, नुसता उठून बसला, तरी आकडा वाढतो. मॅडमचं यंत्र रक्तातला अर्क एका बारीक नळीतून ढकलतं. एकेक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि पडद्यावर त्याचं टेकाड उमटतं. तोवर मॅडम स्टूल सोडत नाहीत. शेजारी बसून मी घड्याळ बघितलं की म्हणतात, "तुला गगनबावड्याची एसटी गाठायची हाय काय?"

एकदा शिरोळकडच्या अक्काताई आल्या. सत्तरीच्या, एकट्याच. बोलू नका म्हटल्यावर त्यांनी आपल्या म्हशीची सगळी हकिकत कुजबुजत सांगितली. आकडा वाढलेला आला. मी रिपोर्ट छापला, तो मॅडमनी हातातून काढून घेतला.

"बाई घाबरल्याली हाय. म्हणून बोलत हुती. परत बोलवायची."

दुसऱ्या खेपेला अक्काताई कॉटवर पडल्या पडल्या पुन्हा म्हशीवर आल्या. मॅडम पांढऱ्या कोटासकट शेजारच्या कॉटवर आडव्या झाल्या आणि त्यांनी अक्काताईंचा हात धरला.

"आता दोघींनी बी गप पडायचं. मी बोललो तर चिमटा काढा."

दहा मिनिटांत अक्काताई निवांत झाल्या. विसाव्या मिनिटाला मॅडम घोरायला लागल्या. शेवटी रक्त मी घेतलं.

या वेळी आकडा अगदी जागेवर होता. गाठ नाही, असं डॉक्टरांनीही सांगितलं. पण अक्काताईंना फोनवर ऐकू येत नाही आणि वाचायला येत नाही. म्हणून रविवारी मॅडम रिपोर्ट घेऊन स्वतः त्यांच्या गावी गेल्या.

सोमवारी मी विचारलं, "काय म्हणाल्या अक्काताई?"

"जेवून जा म्हणाली."

"जेवलात?"

मॅडमनी यंत्र चालू केलं. पडद्यावरची रेघ सपाट होताना बघत त्या स्टुलावर बसल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई वर्षांनी कुणाच्या तरी ताटाशेजारी ताट मांडून जेवलो."