पडण्याची व्याख्या

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, आणि रुग्णसुरक्षा संशोधन विभागाच्या सरांना ते दातात अडकलेल्या तुसासारखं सलत होतं. पत्र लिहिलं होतं तीन नंबर वॉर्डातल्या सफाईच्या मावशींनी. ‘साहेब, न्हाणीघराच्या दाराशी दोन बोटं उंच उंबरा आहे. म्हातारी माणसं अडखळतात. फोडून टाका. उत्तर द्या.’

सर सज्जन गृहस्थ. पण ‘हो, फोडतो’ असं बिनपुराव्याचं लिहिणं त्यांच्या शास्त्रीय मनाला पटेना. आधी किती जण पडतात ते मोजायला हवं. मोजायचं तर पडणं म्हणजे काय, हे ठरायला हवं. समिती बसली.

ती चार वर्षं बसली. थंडी पडते, खड्डा पडतो, प्रश्न पडतो, नवऱ्याला विसर पडतो. रुग्ण नेमका केव्हा पडतो? अखेर एकमत झालं. दोन्ही गुडघे जमिनीला टेकले तरच पडणे. एकच टेकला तर ‘अंशतः वाकणे’. मधेच कुणी धरलं, तर काहीच घडलेलं नाही.

मोजणी झाली. तीन नंबर वॉर्डाचा आकडा आला शून्य. सरांनी त्यावर निबंध वाचला, वॉर्डाला सुरक्षिततेची ढाल मिळाली, ती उंबऱ्याच्या वरच लावली. इतर रुग्णालयांची पथकं येऊन उंबऱ्याची मापं घेऊन गेली. दोन रुग्णालयांनी तर तसाच उंबरा बसवूनही घेतला.

नुकतंच सरांच्या ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सरांनी हट्टाने त्यांना तीन नंबरमध्येच खाट मिळवून दिली. दोन दिवसांनी दुपारी भेटायला गेले, तर ताई न्हाणीघराकडे निघालेल्या. दारात स्टुलावर मावशी. ताईंचा पाय अडला, तोल गेला आणि त्या अलगद मावशींच्या हातात आल्या.

“मावशी, तुम्ही इथे काय करता?” सरांनी विचारलं.

“झेलते.”

“रोज किती जणांना?”

“मोजायला हात मोकळे कुठे असतात, साहेब?”

“अरे शहाण्या,” ताई धापा टाकत म्हणाल्या, “तुझा तो शून्य म्हणजे ही बाई होय?”

“शनिवारी मी रिटायर होते,” मावशी म्हणाल्या. “पुढे ती ढाल झेलेल बहुतेक.”

ताईंना घरी सोडणार होते त्यानंतरच्या बुधवारी.

सर तडक बांधकाम विभागात गेले. “तीन नंबरचा उंबरा फोडायचाय.”

“तो?” ओव्हरसियर दचकले. “आदर्श उंबरा आहे तो! फोडायला कुणीतरी पडल्याचा पुरावा लागेल.”

“आणि नसला तर?”

“नाहीच आहे, सर. तुमच्याच सहीचं पत्रक आहे. शून्य.”

सर तिथेच खुर्चीत बसले. मग त्यांना आठवलं, मोजणीत फक्त रुग्ण धरतात. शुक्रवारी सकाळी रांगेत उभं राहून त्यांनी स्वतःचा केसपेपर काढला. ‘तक्रार’ या रकान्यात लाजत लाजत लिहिलं, ‘संशोधन’. मग वॉर्डात आले.

“मावशी, आज झेलू नका.”

मावशींनी हात पाठीमागे घट्ट धरले. सवयीचे हात, ऐकेनात. सर उंबऱ्याला अडखळले आणि दोन्ही गुडघ्यांवर व्याख्येबरहुकूम पडले. चष्मा लांब गेला. साक्षीदार म्हणून ताईंनी सही केली आणि खाली एक ओळ जास्तीची घातली, ‘लहानपणीही असाच पडायचा, पण लवकर उठायचा.’

शून्याचा एक झाल्याने हाहाकार उडाला. ढाल परत गेली. शनिवारी सकाळी उंबरा फुटला.

दुपारी, सुजलेले गुडघे सांभाळत, सरांनी तीन मसुदे फाडून चौथा ठेवला. ‘मावशी, उंबरा फोडला. तुमचं म्हणणं बरोबर होतं. उशीर झाला, माफ करा.’ लंगडत जाऊन त्यांनी तो टपालपेटीत टाकला. आत तो पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

तुमच्याही खणात असं एखादं पत्र पडून असेल. काळजी नसावी. पत्राला गुडघे नसतात; ते मोजणीत येत नाही.