अप्पांच्या जीपची तयारी

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्याच गावात आमच्या शेजारच्या शिवलिंगअप्पांनी जीपला स्नॉर्केल बसवलं. म्हणजे गाडी छातीभर पाण्यात शिरली तरी इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून टपापर्यंत नेलेली नळी. एवढं पाणी कुठं मिळणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, "पाण्याचं बघू नंतर. तयारी पायजे की."

अप्पांचं सात रस्त्याजवळ पाइप-तोट्यांचं दुकान आहे. वय साठीच्या पुढं. त्यांना जीपनं लडाखला जायचंय, आणि गेली सहा वर्षं जायचंय. दर दसऱ्याला जीपला झेंडूचा हार घालायच्या आधी तिला एखादी नवी वस्तू लागलेली असते: मोठे टायर, उंच सस्पेन्शन, टपावर तंबू. तंबू एकदा अंगणात उघडून दाखवला, तर गल्लीतल्या बायकांनी त्यावर पापड वाळत घातले. अप्पांनी तो चार दिवस मिटवला नाही.

मी तत्त्वाचा माणूस. कंपनीतून येते ती गाडी पुरेशी असते, बाकी सगळा बाजारानं गळ्यात मारलेला माल, असं एक पत्रकच मी काढलं. पहिलं अप्पांना दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, "पटलं" म्हणाले, आणि त्याच आठवड्यात पुढच्या बंपरवर विंच बसवून आणली. जीप रुतली की समोरच्या झाडाला तार बांधायची आणि मोटरनं आपणच आपल्याला ओढून काढायचं. पटलेला माणूस असं का वागतो, मला कळेना.

शेवटी मीच म्हटलं, चिंचोळी एमआयडीसीच्या पुढं एक शेतरस्ता आहे. यातलं खरंच काय लागतं ते तिथं बघू. गेलो. कॅनॉलचं पाणी रस्त्यावर आलं होतं. काळ्या चिखलात जीप रुतली. अप्पांनी मोठ्या हौसेनं विंचची तार ओढली आणि ती हातात धरून उभे राहिले. चहूकडं सपाट रान. तार बांधायला एक बाभळसुद्धा नाही.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, "बघा अप्पा. आपली एसटी रोज असल्या रस्त्यानं जाते. तिला कुठं विंच आहे?"

अप्पा तार गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "एसटी रुतली की चाळीस माणसं उतरून ढकलत्यात, तम्मा. माझ्या गाडीतनं कोन उतरनार? आमची ही होती तवा साधीच गाडी होती. साध्या टायरवर गोवा केला आमी. दोनदा रुतलो. दोन्ही टायमाला हिनंच ढकलली."

मी चपला काढल्या, मागं गेलो आणि खांदा लावला. तिसऱ्या रेट्याला जीप सुटली आणि मी चिखलानं माखलो.

अप्पा पुढं कोरड्या जागी जाऊन थांबले. मी पोचलो तरी माझ्याकडं न बघता स्टिअरिंग पुसत राहिले. मग म्हणाले, "पंधरा दिवस लागत्यात लडाखला. तू येनार आसशील तर ही विंच काढून ठेवतो. वजन लई हाय तिचं."